पाळण्यावरचं वरण

बडोद्यात राहून मी जहाज बांधायच्या कामात होते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "कुठे, सुरसागर तळ्यात?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मी स्वतःच आधी करून टाकते आणि मग पुढे बोलायला लागते.

जहाज समुद्राकाठी बांधतात हे खरं. पण तिथे बांधतात ते त्याचं अंग. पोटातलं सामान देशभरातून येतं. पंप एका गावचे, तारा दुसऱ्या गावच्या, बिछाने तिसऱ्याच कुठले. आणि मी सांगते आहे त्या जहाजाचं स्वयंपाकघर आलं मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमधून. त्या शेडमध्ये माल तपासून पास-नापास करायचं काम माझ्याकडे होतं. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं.

आमचे मालक किरीटभाई. आमचा माल म्हणजे हॉटेलं, वसतिगृहं आणि लग्नाच्या वाड्या, म्हणजे मंगल कार्यालयं, यांची स्वयंपाकघरं. स्टीलचे ओटे, मोठाल्या शेगड्या, एका वेळी ढीगभर चपात्या भाजायचे तवे. लग्नसराई आली की आमचे कारागीर वरपक्षासारखे तोऱ्यात वागत, कारण अर्ध्या बडोद्याच्या पंगती आमच्या शेगड्यांवर शिजत. असं सगळं सुखात चाललं असताना एका दुपारी किरीटभाई पेढ्यांचा खोका घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"ज्योतीबेन, नेवीनुं काम मळ्युं!"

"वा! ऑफिसर लोकांची मेस आहे का?"

"ना रे ना. वहाण! आखुं वहाण!"

वहाण म्हणजे जहाज. आखं, म्हणजे सबंध जहाज, अर्थातच नव्हतं. त्याचं स्वयंपाकघर होतं. पण किरीटभाईंच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी तोफाही असाव्यात.

ते होतं गस्तीचं जहाज. मोठ्या लढाईला जाणारं नव्हे, तर किनाऱ्यापासून दूर राहून तेलविहिरी, मासेमारीच्या बोटी आणि चोरटी ये-जा यांच्यावर नजर ठेवणारं. एकदा निघालं की आठवडेच्या आठवडे परत न येणारं. त्यामुळे तोफेचं काम पडेल न पडेल, स्वयंपाकघराचं रोज चार वेळा पडणार. नौदलात रीतसर दाखल होईपर्यंत त्याला नावानं कोणी हाक मारत नव्हतं. नुसता गोदीतला नंबर. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, बारशापर्यंत बाळालाही नाव नसतंच."

सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांची ओळख पुढे होईलच. त्या कोणाच्याही गोष्टीत फार वेळ बाहेर थांबत नाहीत.

आपण जमिनीवरची माणसं एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की भांडं जिथे ठेवलं तिथेच राहतं. समुद्रात तसं नाही. म्हणून जहाजाच्या शेगडीला वरून कठडा असतो, भांडी घसरून खाली येऊ नयेत म्हणून. खण धक्क्यानं उघडू नयेत म्हणून त्यांना खटके असतात. कुठेही टोकदार कोपरा चालत नाही, कारण त्यावर कोणीतरी आपटणार हे ठरलेलं. गॅस नाही, सगळं विजेवर. आणि हे सगळं एका बाजूला झुकवून, मग दुसऱ्या बाजूला झुकवून दाखवायचं. तरच माल पास.

झुकवायचं कशावर? किरीटभाईंनी बाजव्याच्या एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या डंपरचा जॅक आणला. माल ओतताना डंपरची पाठ उचलतो तो. आमचे फोरमन रमणभाई यांनी त्याच्यावर लोखंडी चौथरा बसवला, मधोमध खिट्टी दिली, आणि हात मागे घेऊन खटका ओढला. चौथरा करकरत डावीकडे झुकला, मग उजवीकडे. कारागिरांनी त्याचं नाव पाळणा ठेवलं.

तपासणीला नौदलाकडून आले लेफ्टनंट कमांडर सैकिया. आसामचे, तरुण, कमी बोलणारे, आणि इतका पांढराशुभ्र गणवेश की आमच्या शेडमध्ये ते उभे राहिले की उरलेलं सगळं जास्तच काळं दिसायचं. पहिल्या दिवशी आम्ही पातेल्यांत पाणी उकळून पाळणा हलवला. पाणी थोडं हिंदकळलं, पातेली जागेवर राहिली. किरीटभाईंनी चहा मागवला.

सैकिया म्हणाले, "पाणी ठीक आहे. पण पाणी सरळ माणूस आहे. जहाजावर पाणी कोण जेवतं? पुढच्या वेळी डाळ उकळा."

आता डाळ म्हटल्यावर आमच्या कॅन्टीनच्या बचुभाईंकडे सगळ्यांनी पाहिलं. बचुभाईंची डाळ गोड, चवदार आणि पाण्याहून जेमतेम दाट. मी नमुना म्हणून एक वाटी साहेबांना दिली. त्यांनी ती पिऊन टाकली आणि म्हणाले, "बहुत अच्छी. पर ये भी पानी है." त्यांना घट्ट हवी होती, फेस येणारी, चिकटणारी. बचुभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

घरी जेवताना मी हे सांगत होते. माईंनी ताटात आमटी वाढता वाढता हात थांबवला.

"घट्ट वरण हवंय ना? मी येते."

"माई, कारखाना आहे तो."

"मग? कारखान्यात डाळ शिजत नाही का?"

त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. सरकारी माणसासमोर कसं उभं राहायचं हे आपल्याला उपजत येतं, असं त्यांचं मत. ठरल्या दिवशी त्या स्वतःची हिंगाची डबी घेऊन रिक्षातून आल्या. किरीटभाईंनी "पधारो, माजी" म्हणून खुर्ची दिली. ती त्यांनी शेगडीजवळ ओढून घेतली आणि बचुभाईंना हाताखाली घेतलं. बचुभाई निमूटपणे ढवळत राहिले. माई बसल्या जागेवरून सांगत होत्या, "अजी घोटो. और घोटो. हात को क्या हुवा है?"

वरण झालं. मोठं पातेलं भरून, पिवळंधमक, रटरटणारं. उकळतं भांडं हलताना चौथऱ्यावर कोणी नसावं हा साहेबांचा नियम, म्हणून सगळ्यांना दोरीच्या मागे उभं केलं. रमणभाईंनी खटका ओढला. पाळणा झुकला. पातेलं कठड्याला टेकून थांबलं. दुसऱ्या बाजूला झुकला, पुन्हा थांबलं. किरीटभाई हसले. सैकिया कठडा नीट दिसावा म्हणून दोरीवरून पुढे वाकले.

आणि तिसऱ्या झोक्याला वरणानं झाकण उचललं.

पाणी हिंदकळतं तेव्हा काठावरून सांडतं. वरण तसं करत नाही. ते सगळं मिळून एका अंगाला जातं, तिथे दम खातं, आणि एकदम परत येतं. पिवळी जीभ बाहेर आल्यासारखं ते कठड्यावरून आलं. निम्मं तापलेल्या शेगडीवर पडून चर्र झालं, धूर झाला. उरलेल्यातलं बरंचसं खाली गेलं. आणि थोडंसं, खांद्यापासून कमरेपर्यंत, लेफ्टनंट कमांडर सैकियांच्या गणवेशावर.

ते वेळेवर मागे सरकले होते आणि पोचले ते शिंतोडेच, त्यामुळे चटका बसला नाही. किरीटभाईंनी डोळे मिटून घेतले.

बोलल्या त्या माई. "बघता काय? पाणी आणा! और आप, शर्ट निकालो. हळद है. सूख गई तो जनम में नहीं जाएगी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नौदलाचा अधिकारी दुसऱ्याच्या हुकमाची वाट पाहतोय हे दृश्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मान हलवली. काय करणार? मलाही घरी त्यांच्याच हाताखाली राहायचं होतं.

पुढचा तासभर साहेब रमणभाईंचा निळा कोट घालून किरीटभाईंच्या केबिनमध्ये बसले होते. माईंनी नळाखाली शर्ट धुतला, साबण लावला, उन्हात धरला, पुन्हा धुतला. पातेल्यात उरलेलं वरण बचुभाईंनी भातावर वाढलं. माईंनी पर्समधून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. ती त्यांनी का आणली होती हे मी आजतागायत विचारलेलं नाही. साहेब दोनदा भात घेऊन जेवले. गावाकडे आई कशी डाळ करते ते सांगितलं. किरीटभाई मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "बेन, पास! आ तो घरना माणस थई गया."

शर्ट वाळला. छातीवर फिक्या पिवळ्या रंगाचा एक डाग राहिलाच. साहेबांनी तो घातला, टोपी घातली, माईंना नमस्कार केला आणि दारात वळून मला म्हणाले, "मॅडम, दाल पास. शेगडी फेल."

किरीटभाईंचा चेहरा मला पाहवेना. संध्याकाळी रिक्षात मला वाटलं, माई आता त्या माणसाचा उद्धार करतील. मांडवी आली तशा त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. जेवला, पण विकला नाही गेला."

मग सुरू झाली झाकणं. पहिलं झाकण मीच काढलेल्या चित्रावरून झालं. चारी बाजूंनी खटके, आत रबर, थेंबही बाहेर येणार नाही असं. थेंब आला नाहीच. वाफही आली नाही. मी एवढी शिकलेली बाई, पण आपण कुकर बनवला आहे आणि त्याला शिट्टी नाही, हे मला तेव्हा कळलं जेव्हा ते झाकण सुटून छताच्या पत्र्याला लागलं. जवळ कोणी नव्हतं म्हणून बरं. पत्र्यावरची कबुतरं त्या दिवशी गेली ती परत आली नाहीत. दुसरं झाकण जड केलं, तर ते उचलायला दोन माणसं लागायला लागली. शेवटी जमलं ते असं: पातेलं मुळातच खोल घ्यायचं, आत खूण करून तिच्यावर डाळ जाऊ द्यायची नाही, आणि झाकणाची कड आत वळवायची, म्हणजे उसळलेलं वरण कडेला आपटून माघारी जातं. वाफेला वर आडोशाची वाट.

हे जमेपर्यंत रोज वरण. टाकून कसं देणार? कॅन्टीनमध्ये भाजी बंद झाली. एक दिवस सगळे कारागीर मिळून माझ्याकडे आले आणि त्यांच्यातला सर्वांत वयस्कर माणूस हात जोडून म्हणाला, "बेन, देश माटे बधुं करीशुं. पण हवे शाक आपो." देशासाठी सगळं करू, पण आता भाजी द्या. सैकिया पुन्हा आले ते खाकी कपड्यांत. पाळणा हलला, वरण आतल्या आत आपटत राहिलं, बाहेर आलं नाही. शेगडी पास झाली.

पण या सगळ्यात आम्हाला उशीर झाला होता, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. मोठं सामान आत सोडायचं तर वरचं डेक उघडं असतानाच क्रेननं सोडतात. मग त्यावर पोलादी पत्रे वेल्ड करून टाकतात. आमचा ट्रक गोदीत पोचला तेव्हा स्वयंपाकघराच्या डोक्यावर चकचकीत नवं पोलाद होतं. तिथल्या सुपरवायझरनं मला शांतपणे एक दार दाखवलं. जहाजाची दारं म्हणजे आपल्या घरातल्या कपाटाची दारं. मी आडवी झाले असते तर गेले असते. शेगडी कुठल्याच अंगानं गेली नसती.

"डेक कापायचं?" मी विचारलं.

"कापा की," तो म्हणाला. "खर्च तुमचा, आणि उशीरही तुमच्या नावावर."

किरीटभाईंना फोन केला. जहाज कापणं परवडणारं नव्हतं. परत नेणं म्हणजे काम हातचं जाणं, आणि या एका कामासाठी त्यांनी लग्नाच्या वाड्यांना वर्षभर नाही म्हटलं होतं. एकच उपाय होता. शेगडी उभी चिरायची, दोन तुकडे दारातून न्यायचे आणि आत पुन्हा सांधायचे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. रमणभाईंनी कापायचं यंत्र हातात घेतलं तेव्हा किरीटभाई समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. "हुं नथी जोतो," म्हणाले. मुलीची पाठवणी बघवत नाही तसा चेहरा होता.

कापलेले तुकडे घेऊन आम्ही फळकुटावरून चढलो, तर आतली बोळ अडलेली. नाशिकचे बोरसे म्हणून एक गृहस्थ संडासाचं सामान घेऊन आले होते. त्यांची खोकी बोळभर.

"बोरसे, जरा सरकवा. आमचं जाऊ द्या."

"बाई, माझं सामान आधी आलंय."

"आलं असेल. पण लागतं कधी? आमचं लागल्यावर ना?"

बोरसे विचारात पडले. "ते खरं आहे," म्हणाले. "पण माझं नसलं तर तुमचं कोणी वापरणार नाही."

तेही खरं होतं. दोघं तिथेच खोक्यावर बसून डबा खाल्ला आणि तह केला. त्यांची चाकांची अरुंद गाडी आम्हाला, आमची चार माणसं त्यांना. रमणभाईंनी त्या कोंदट जागेत गुडघ्यांवर बसून शेगडी सांधली आणि सांधा असा घासला की मला तो बोटांनी शोधावा लागला. सैकियांना लागला नाही शोधावा. त्यांनी बॅटरी मारून एकदा पाहिलं. "पाळणा आता इथे आणता येणार नाही," म्हणाले. "याची परीक्षा समुद्र घेईल. मॅडम, तुम्ही सोबत चला."

जहाज पहिल्यांदा समुद्रात नेऊन चालवून बघतात. सामान देणाऱ्यांची माणसंही बरोबर असतात, काही बिघडलं तर कोणाला ओरडायचं ते सोपं जावं म्हणून. सांधा उकलला असता तर डेक कापावंच लागलं असतं आणि आमच्या शेडला कुलूप लागलं असतं. निघताना माईंनी सुंठीची पूड दिली. किरीटभाईंनी नुसते हात जोडले.

बंदर सुटेपर्यंत मी फार शूर होते. पुढे जहाजानं पाळण्यासारखं झुकायला सुरुवात केली, पण एक फरक होता. रमणभाईंना खटका सोडायला सांगता येत नव्हतं. दुपारपर्यंत इंजिनवाले, तारावाले, रंगवाले, सगळे आडवे. स्वयंपाकघरात मी आणि नौदलाचे आचारी मोहंती. शेगडीवर सबंध जहाजाचं जेवण. मी एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात सुंठ, डोळे सांध्यावर. वरण आत आपटत होतं. धप्प, मग थोडं थांबून पुन्हा धप्प. इंजिनाचा वेग वाढवला तेव्हा सगळं स्टील थरथरायला लागलं. मी सांध्यावर तळवा ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका शेगडीशी मनातल्या मनात बोलले.

सांधा धरून राहिला.

जेवण तयार झालं, पण जेवायला कोणी येईना. मोहंती हिरमुसले. "मॅडम, इतना बनाया, खाएगा कौन?" तेवढ्यात दारात बोरसे उगवले. चेहरा हिरवट, पण डोळ्यांत तेज. "बाई, सकाळपासून एकही तुंबला नाही," म्हणाले. "पूर्ण क्षमतेनं परीक्षा झाली. तुमची अजून व्हायचीय." आणि तसेच वळून स्वतःच्या मालाकडे धावले.

शेवटी सैकिया आले. ताट घेतलं, पाय फाकवून उभे राहिले, आणि जहाज डावी-उजवीकडे होत असताना सावकाश वरणभात जेवले. मी कठड्याला धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हात धुऊन त्यांनी सही केली. "मीठ कमी आहे," म्हणाले, "पण ते तुमच्याकडे येत नाही." मी हसायला गेले आणि बोरशांचा माल वापरायला मला धावावं लागलं.

ते जहाज आज कुठे असतं ते मला माहीत नाही, आणि विचारायचंही नसतं. दाखल व्हायच्या समारंभाचं बोलावणं आम्हाला नव्हतं. आमच्या शेडच्या नावाची पट्टी शेगडीच्या मागच्या अंगाला आहे, भिंतीला चिकटून. ती वाचायला जहाज पुन्हा कापावं लागेल. याचं मला वाईट वाटतं, पण थोडंच.

त्या संध्याकाळी बंदर जवळ आलं आणि मोबाईलला रेंज आली. किरीटभाईंना कळवलं. ते "जय हो" म्हणाले आणि बहुधा रडले. मग घरी फोन लावला. माईंनी उचलला.

"झालं माई. पास झालो. सही मिळाली."

"बरं झालं. समुद्र कसा आहे गं?"

"माई, मी पाहिलाच नाही. दिवसभर आतच होते. तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी नाही."

"मी लग्न होऊन नागरवाड्यात आले, तेव्हा आमच्याही स्वयंपाकघराला नव्हती," माई म्हणाल्या. "आणि सही करायला कधी कोणी आलं नाही. ठेवते, दूध वर आलंय."